शिरस्त्राण अस्सल, कहाणी नकली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या लष्करी शिरस्त्राणांच्या संग्रहाविषयी प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. संग्राहकांच्या छंदाचे वर्णन लेखकाने मनापासून केले आहे. परंतु बनावट शिरस्त्राणांचा सुळसुळाट इंटरनेटमुळे झाला आणि विक्रेत्याचे प्रमाणपत्र हाती असले की खरेदीदाराने निश्चिंत राहावे, ही त्यातली दोन विधाने इतिहासाला धरून नाहीत. पोलादी पत्र्याला आकार देणाऱ्या कारखान्यांत मी धातुतंत्रज्ञ म्हणून आयुष्यभर काम केले आहे आणि निवृत्तीनंतर परिचितांच्या संग्रहातील टोप हौसेने तपासून देतो. त्या आधारावर एवढे निश्चित सांगता येते की, संपूर्ण टोप नव्याने घडवून जुना म्हणून विकणे हा या धंद्याचा लहान भाग आहे. मोठा भाग अस्सल, पण साध्या टोपाला दुर्मीळ टोपाची ओळख चिकटवण्याचा आहे, आणि ही क्लृप्ती इंटरनेटपेक्षाच नव्हे, तर टेलिफोनपेक्षाही जुनी आहे.

युरोपात मध्ययुगीन चिलखतांची हौस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उसळली. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात लॉर्ड एग्लिंटन यांनी सरदारांच्या भालाझुंजींचा जुना सोहळा नव्याने भरवला. मुसळधार पावसाने त्याचा चिखल झाला हे पुष्कळांना ठाऊक असते; पण त्या सोहळ्यासाठी चिलखते पुरवणारा लंडनचा व्यापारी सॅम्युअल प्रॅट फारसा कोणाला ठाऊक नसतो. प्रॅट जुन्या वस्तू विकत असे, अपुऱ्या चिलखतांना हवे ते भाग जोडून देत असे, आणि ग्रिमशॉ नावाच्या कारागिराने घडवलेले नवे टोप जुने म्हणून गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारत असे. या गिऱ्हाइकांत केवळ हौशी उमराव नव्हते. लंडनच्या टॉवरमधील सरकारी शस्त्रागाराने त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूंतही पुढे बनावट नग निघाले. चौदाव्या शतकातला संपूर्ण डोके झाकणारा जड टोप त्या काळी अत्यंत दुर्मीळ होता, त्याची अस्सल उदाहरणे पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यामुळेच तो बनवणे सोपे होते. ज्या वस्तूशी ताडून पाहायला दुसरी वस्तू नाही, तिची नक्कल पकडणार कोण?

याच सुमारास वॉटर्लूच्या रणभूमीवर दुसरा धंदा जोरात होता. १८१५ च्या जूनमध्ये लढाई झाली आणि ऑगस्टमध्ये स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉट तेथे जाऊन फ्रेंच घोडेस्वारांची उरस्त्राणे विकत घेऊन आला. त्याच्यामागून इंग्रज प्रवाशांची रीघ लागली. शेतकऱ्यांनी गोळा केलेली अस्सल चीजवस्तू काही वर्षांत संपली; मागणी मात्र संपली नाही. तेव्हा गुंड्या, गोळ्या आणि गरुडचिन्हे नव्याने बनवून, काही दिवस मातीत पुरून, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत 'सापडू' लागली. खरेदी करणाऱ्याला वस्तूबरोबर ती सापडण्याचा प्रसंगही विकायचा, हे तंत्र तेव्हापासून आजतागायत फारसे बदललेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिट याच्या कारखान्याने चिलखतांच्या आणि शिरस्त्राणांच्या उत्तम प्रतिकृती बनवल्या. येथे न्याय करायला हवा: श्मिट त्या प्रतिकृती म्हणूनच विकत असे, त्याच्या मालाची छापील सूचीही असे. पण वस्तू एकदा कारखान्याबाहेर पडली, दोन-तीन हात बदलली, एखाद्या गढीच्या दिवाणखान्यात वीस वर्षे धूळ खात राहिली, की तिचा जन्मदाखला हरवतो आणि पुढचा विक्रेता तिला खुशाल चारशे वर्षांचे वय देतो. आज जगभरच्या संग्रहांत श्मिटची कामे अस्सल म्हणून शिरली आहेत, त्याला पुढच्या विक्रेत्यांची फसवणूक जितकी कारण आहे त्याहून अधिक श्मिटने वस्तूवर न पुसता येणारी खूण केली नाही, हे कारण आहे. या मुद्द्याकडे मी पत्राच्या शेवटी परत येणार आहे.

अशा नकला ओळखण्यात धातुशास्त्राचा उपयोग होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पंधराव्या-सोळाव्या शतकातला टोप हातोड्याने घडवलेला असे. कारागीर पुढच्या भागाची, म्हणजे कपाळाची, जाडी राखत असे आणि मागे व बाजूंना धातू पातळ करत असे, कारण वार समोरून येतो आणि वजन मानेला पेलायचे असते. श्मिटच्या काळात कारागिराच्या हाती लाटून तयार केलेला, सर्वत्र सारख्या जाडीचा पत्रा आला होता. त्यातून केलेल्या टोपाची जाडी मोजली की हातोड्याने ताणलेल्या जागा वगळता ती कंटाळवाणी एकसारखी निघते. याहून खात्रीचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो. जुन्या भट्टीतल्या लोखंडात धातुमळीचे तंतू अडकलेले दिसतात. १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून, केलेल्या पोलादात ते तसे सापडत नाहीत, त्याऐवजी मँगनीज सल्फाइडचे लांबट कण दिसतात. गंजाचा थर कितीही कौशल्याने चढवलेला असला, तरी धातूच्या आतली ही घडण कोणत्याही आम्लाने बदलत नाही. काशाच्या प्राचीन ग्रीक टोपांची गोष्ट थोडी निराळी आहे. ते ठोकून घडवलेले असत, तर पुष्कळ नकला साच्यात ओतलेल्या असतात. त्यांच्या धातूत जस्त ठळक प्रमाणात आढळले की शंका घ्यावी, कारण ग्रीकांचे कासे तांबे आणि कथील यांचे असे. हिरवट थराला ॲसिटोन लावल्यावर रंग कापसावर उतरला, तर शंकाही उरत नाही.

प्रमाणपत्राविषयी लेखकाने व्यक्त केलेल्या विश्वासाला दोन उदाहरणांनी उत्तर देतो. जपानमध्ये म्योचिन हे शिरस्त्राणे घडवणाऱ्यांचे अत्यंत नामवंत घराणे. या घराण्याने सतराव्या शतकापासून आपली वंशावळ मागे, बरीच मागे, ओढत नेली आणि कोणाचीही सही नसलेले जुने टोप आपल्या पूर्वजांनी, त्यातल्या काही केवळ कागदावर जन्मलेल्या पूर्वजांनी, घडवले असल्याची प्रमाणपत्रे दिली. टोप जुनेच होते, कारागिरी उत्तम होती, प्रमाणपत्र देणारे घराणे अधिकारी होते. आणि तरीही प्रमाणपत्रातला मजकूर विश्वासार्ह नव्हता. दुसरे उदाहरण लुइजी पार्मेजानी याचे. हा इटालियन अराजकवादी 'मार्सी' या नावाने लंडनमध्ये व्यापार करत असे आणि मध्ययुगीन शस्त्रे व धातुकामाच्या नामी नकला त्याने मोठमोठ्या संग्रहालयांनाही विकल्या. पुढे पॅरिसमध्ये जाऊन त्याने एक मासिक काढले आणि त्यात कलाबाजारातील बनावटगिरीवर तो कडाडून तुटून पडत असे. ज्ञान आणि प्रामाणिकपणा एकाच माणसात असतीलच असे नाही, हे संपादकांना मी सांगायला नको.

विसाव्या शतकात हा बाजार सरदारांच्या टोपांकडून साध्या शिपायांच्या टोपांकडे वळला. प्रशियाच्या सैन्यात १८४२ साली आलेला, वर टोक असलेला चामडी टोप पहिल्या महायुद्धात दोस्तांच्या सैनिकांना सर्वांत हवीशी वाटणारी आठवणवस्तू होती. १९१९ साली अमेरिकेत युद्धकर्जाच्या शेवटच्या मोहिमेत जर्मनांकडून मिळालेले असे हजारो टोप मांडून न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकाजवळ त्यांचे मनोरे उभारले गेले आणि कर्जरोखे खपवणाऱ्यांना टोप बक्षीस देण्यात आले. त्यातले बहुतेक टोप जर्मन कोठारांतून ताब्यात घेतलेले, कोणाच्याही डोक्यावर न बसलेले होते. आज त्यांच्यातले अनेक, आजोबांनी खंदकात मेलेल्या शत्रूच्या डोक्यावरून काढून आणल्याच्या कथेसह विकले जातात. टोप अस्सलच असतो. त्या कथेची मात्र किंमत वेगळी द्यावी लागते.

याच चामडी टोपांत आणखी एक प्रकार सर्रास चालतो. पुढच्या बाजूचे धातूचे बोधचिन्ह राज्याराज्यांचे वेगळे असे: प्रशियाचा गरुड, बव्हेरियाचे सिंह, शिवाय लहानसहान संस्थानांची आपापली चिन्हे. प्रशियाचा टोप मुबलक, लहान संस्थानाचा दुर्मीळ. तेव्हा गरुड काढायचा, त्या जागी दुर्मीळ चिन्ह बसवायचे, की किंमत कैक पटींनी वाढते. पण वेगवेगळ्या चिन्हांच्या मागच्या अडकवण्याच्या कड्या एकाच जागी येत नाहीत, आणि चामड्याला पाडलेले भोक बुजवता आले तरी नाहीसे करता येत नाही. टोपाच्या आतल्या बाजूने पाहिले असता एकाऐवजी दोन भोकांच्या जोड्या दिसल्या, तर विक्रेत्याला आणखी काही विचारण्याची गरज नसते.

आता जर्मनांच्या पोलादी टोपाविषयी. बनावटगिरीचा अर्ध्याहून अधिक इतिहास आज त्याच्याभोवतीच फिरतो. हॅनोव्हरच्या तंत्रविद्यालयातील फ्रीड्रिख श्वेर्ड यांनी आखलेला हा टोप १९१६ मध्ये व्हर्दूनच्या लढाईत वापरात आला. १९३५ साली त्याची सुटसुटीत आवृत्ती निघाली. १९४० मध्ये हवेची भोके वेगळ्या रिव्हेटऐवजी पत्र्यातच दाबून काढण्यात आली. १९४२ मध्ये मजुरी वाचावी म्हणून कडा आत दुमडणेही बंद झाले. आतल्या बाजूस कारखान्याची खूण आणि मापाचा आकडा ठोकलेला असतो: थालेच्या कारखान्याची 'ईटी', एस्लिंगेनच्या क्विस्टची 'क्यू', फुल्डाच्या कारखान्याची 'ईएफ' वगैरे. हे सर्व कारखान्यात साच्याने दाबले जाई, त्यामुळे त्याची नक्कल करणे महागात पडते आणि नकली टोप येथेच बहुधा उघडा पडतो.

पण टोपाच्या दोन्ही बाजूंना पाण्यात भिजवून चिकटवलेली जी डेकल, म्हणजे छापील चिन्हे, असत, त्यांना साचा लागत नाही. उजवीकडे राष्ट्रीय रंगांची तिरंगी ढाल आणि डावीकडे सैन्याचा गरुड. तिरंगी ढाल लावणे मार्च १९४० च्या आदेशाने थांबले आणि भूदलाचा गरुडही ऑगस्ट १९४३ मध्ये बंद झाला. म्हणून दोन्ही डेकल शाबूत असलेला टोप कमी सापडतो व महाग पडतो, आणि हिटलरच्या एसएस दलाच्या विद्युत्चिन्हांचा टोप तर त्याहूनही कितीतरी पटींनी महाग. कागदाचे एवढेसे डेकल साध्या भूदली टोपाची किंमत अशी चढवत असेल, तर ते छापणारे हात स्वस्थ कसे बसतील? युद्ध संपल्यावर काही वर्षांतच जुन्या सुट्या भागांची जुळवाजुळव करून आठवणवस्तू बनवणे सुरू झाले होते. झोलिंगेनमध्ये शिल्लक भागांतून जुळवलेले खंजीर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९६० च्या दशकात अमेरिकेत मोटारसायकलस्वारांपासून संग्राहकांपर्यंत सगळ्यांना जर्मन टोप हवा झाला, तेव्हा नव्याने छापलेल्या डेकलना बाजार मिळाला.

या कामासाठी कच्चा माल म्हणून कोणते टोप वापरले जातात, हे पाहण्यासारखे आहे. नॉर्वेच्या सैन्याने आणि नागरी संरक्षण दलाने युद्धानंतर जर्मन टोप रंगवून पुन्हा वापरले. त्यांचा रंग उतरवून 'जर्मन' रंग आणि डेकल चढवणे हा अगदी सोपा प्रकार. हंगेरीचा १९३८ चा टोप फिनलंडनेही घेतला होता. तो जर्मन टोपासारखाच दिसतो, पण त्याच्या मागच्या बाजूस पट्टा अडकवण्यासाठी रिव्हेटने बसवलेली कडी असते आणि आतल्या अस्तराचे रिव्हेटही वेगळ्या जागी असतात. स्पेनच्या १९४२ च्या टोपाच्या पुढे चिन्ह अडकवण्याची पट्टी आढळते. या कड्या आणि पट्ट्या काढून भोके भरली, घासली व रंगवली, की हौशी माणूस फसतो. आतल्या बाजूचा पृष्ठभाग बोटाने चाचपणारा सहसा फसत नाही. १९९० नंतर पूर्व युरोप खुला झाला आणि लॅटव्हिया व रशियातील जुन्या रणभूमींवर उकरून काढलेले गंजके टोप बाजारात येऊ लागले. त्यांवर वाळूचा मारा करून, गंजाने पडलेल्या खळग्यांत लांबी (पुट्टी) भरून, वर रंग, डेकल आणि 'झीज' देऊन त्यांना पोटमाळ्यावर सापडलेल्या टोपांचे रूप दिले जाते. इंटरनेटने एवढेच केले की ज्या विक्रेत्याला पूर्वी गावोगावचे मेळावे फिरावे लागत, त्याला घरबसल्या गिऱ्हाईक मिळू लागले. ईबे या लिलावस्थळाने २००१ साली नाझी वस्तूंवर बंधने आणली, तरी ती बंधने बनावटगिरीविरुद्ध नव्हती. आणि विक्री तर दुसऱ्या दारांनी चालूच राहिली.

कृत्रिम झीज हा एक स्वतंत्र विषय आहे. अंगणात पुरणे, चहा-कॉफीच्या पाण्यात भिजवणे, बुटाचे पॉलिश, सौम्य आम्ल, भट्टीची ऊब, सँडपेपर हे सगळे उपाय वापरले जातात. पण खरी झीज हेतूने घडत नसते. माणूस टोप कडेला धरून उचलतो, उलटा ठेवतो, टांगतो, बसायला वापरतो. त्यामुळे कड आणि माथा झिजतो, तर डेकलची जागा तुलनेने सुरक्षित राहते. नकलाकाराचा सँडपेपर मात्र सगळीकडे निःपक्षपातीपणे फिरतो. शिवाय ओरखडा डेकलवरून गेला असेल आणि त्याच्या आजूबाजूच्या रंगावरून गेला नसेल, तर तो ओरखडा डेकलबरोबरच जन्माला आला आहे असे समजायला हरकत नाही. भिंगाखाली डेकलच्या रंगात छापील ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते आधुनिक छपाईचे काम असण्याचा दाट संभव असतो.

ब्रिटिश आणि अमेरिकन टोपांच्या बाबतीत खिशातले चुंबक पुष्कळ काही सांगते. जॉन ब्रॉडी यांनी १९१५ साली पेटंट घेतलेला बशीसारखा टोप सुरुवातीच्या थोड्या नगांनंतर हॅडफिल्डच्या मँगनीज पोलादापासून बनवला गेला. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेल्या या पोलादात सुमारे १२ टक्के मँगनीज असते आणि ते चुंबकाला दाद देत नाही. पहिल्या महायुद्धातल्या टोपाची कड मात्र साध्या पोलादाची असे, म्हणून अस्सल टोपाच्या कडेला चुंबक चिकटते व माथ्याला चिकटत नाही. साध्या पत्र्याच्या नकलेला ते कुठेही चिकटते. अमेरिकेचा १९४१ चा एम-वन टोपही मँगनीज पोलादाचाच. अर्थात ही कसोटी जर्मन टोपाला लावू नये, कारण त्याला चुंबक चिकटणारच.

एम-वन टोपाच्या बाबतीत टोप बनावट नसतोच, कारण दुसऱ्या महायुद्धातच त्याचे दोन कोटींहून अधिक नग निघाले आणि साधा टोप आजही परवडणाऱ्या किमतीत मिळतो. बनावट असते ते त्यावरचे चित्र. नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकेच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनच्या पलटणी पत्त्यांच्या चिन्हांनी ओळखल्या जात: ५०१ व्या रेजिमेंटचा चौकट, ५०२ ची बदाम, ५०६ ची इस्पिक, ३२७ ची किलवर. बाजूला पांढऱ्या रंगाने इस्पिक काढण्याला पाच मिनिटे लागतात. मात्र पट्टा अडकवण्याच्या कड्या १९४३ च्या उत्तरार्धापासून फिरत्या झाल्या आणि कडेचा जोड १९४४ च्या उत्तरार्धात पुढून मागे गेला; तेव्हा ६ जून १९४४ च्या हवाई उडीची कथा सांगणाऱ्या टोपाचा जोड मागे असेल, तर तो टोप त्या उडीच्या वेळी कारखान्यातूनही निघालेला नव्हता. संग्राहकांत एक म्हण रूढ आहे, वस्तू विकत घ्या, गोष्ट नको. मात्र वस्तू वाचायला शिकल्याशिवाय ही म्हण कोणाच्या कामाची नाही.

या सगळ्यात मला सर्वांत चीड आणणारा प्रकार म्हणजे टोपाच्या आत मृत सैनिकाचे नाव रंगवणे. युद्धस्मशानांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या याद्या आता सर्वांना पाहता येतात. त्यात भारतीय सैनिकांची, आपल्या मराठा पलटणींतल्या जवानांचीही नावे आहेत. नाव, क्रमांक, मृत्यूची तारीख, सगळे तेथे तयार मिळते. नकलाकार तेच नाव जुन्या टोपात उतरवतो आणि खरेदीदार नंतर त्याच यादीत ते नाव शोधून 'पडताळणी' झाल्याचे समाधान मानतो. ज्या पुराव्यावरून बनावट केली त्याच पुराव्यावरून ती सिद्ध करण्याचा हा प्रकार आहे. अशा वेळी नावाची नव्हे, रंगाची परीक्षा करावी. रुटाइल जातीचा टायटॅनियमचा पांढरा रंग १९४० च्या सुमारास बाजारात आला. १९१८ च्या म्हणवल्या जाणाऱ्या रंगकामात तो सापडला तर विषय संपतो. पट्ट्याचा किंवा अस्तराचा धागा अतिनील दिव्याखाली निळसर चमकला, तर युद्धोत्तर काळात रुळलेल्या कृत्रिम उजळक द्रव्याचा संशय घ्यावा. अर्थात एखाद्या गृहिणीने जुना अस्सल पट्टा आधुनिक साबणाने धुतला असेल तरीही तो चमकेल, त्यामुळे केवळ दिव्याच्या भरवशावर कोणाला खोटे ठरवू नये.

आता आपल्याकडचा भाग. इराणात आणि हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकात, रणांगणातून चिलखत हद्दपार झाल्यावरही, टोप-बख्तर बनतच राहिले. इराणातील काजार राजवटीत इस्फहानला केलेले, शिंगे आणि राक्षसी चेहरा असलेले पोलादी टोप मोहरमच्या नाट्यप्रयोगांत आणि दिवाणखान्यांत शोभत. त्यांतले कितीतरी नंतर युरोपात लढाईतले म्हणून विकले गेले. त्यांवरची नक्षी बहुधा कोरलेली नसून आम्लाने खाल्लेली असते, पत्रा पातळ असतो आणि मानेवरच्या झालरीच्या कड्या रिव्हेटने जोडलेल्या नसून नुसती तोंडे जुळवून बसवलेल्या असतात. उघड्या तोंडाच्या कड्या अस्सल कामातही सापडतात, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये. पण तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर तो टोप लढाईसाठी घडलेला नव्हता असे म्हणता येते. कोफ्तगिरीच्या, म्हणजे पोलादावर सोन्या-चांदीच्या तारेने केलेल्या नक्षीच्या, बाबतीतही तेच. तार ठोकून बसवलेली आहे की सोनेरी मुलामा फासलेला आहे, हे भिंगाने दोन मिनिटांत कळते. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर दोन्ही प्रकारचा माल शेजारीशेजारी मांडलेला असतो आणि कोणता कोणता हे विचारण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावरच असते.

याहून महत्त्वाचे म्हणजे, आज जगभर विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा मोठा हिस्सा भारतात तयार होतो. डेहराडून परिसरात तलवारी, चिलखते आणि शिरस्त्राणे यांच्या प्रतिकृतींचा जुना निर्यात उद्योग आहे. मुरादाबादच्या पितळी कामाविषयी तर सांगायलाच नको. ग्रीक, नॉर्मन, प्रशियन अशा सगळ्या टोपांच्या प्रतिकृती आपल्याकडून जातात. चित्रपटांना, नाटकांना आणि इतिहासातल्या लढायांची प्रात्यक्षिके करणाऱ्यांना त्या लागतात आणि हा व्यवसाय पूर्णपणे सचोटीचा असू शकतो. प्रतिकृती ही अभ्यासाचेही साधन असते. इंग्लंडमध्ये १९३९ साली सटन हू येथे सापडलेल्या टोपाचे शेकडो तुकडे नायजेल विल्यम्स यांनी १९७०-७१ मध्ये नव्याने जुळवले आणि त्यावरून टॉवरच्या शस्त्रागाराने केलेली लखलखीत प्रतिकृती आज ब्रिटिश म्युझियममध्ये मूळ टोपाच्या सोबत आहे. मूळ वस्तू नवी असताना कशी दिसत असेल हे तिच्यामुळेच प्रेक्षकाला कळते. प्रश्न प्रतिकृतीचा नाहीच, तिच्यावर काय लिहिलेले नाही याचा आहे. आपला कारखाना कागदी चिठ्ठी लावून माल पाठवतो. ती चिठ्ठी परदेशात पहिल्याच दुकानात फाडली जाते, टोप आम्लात बुडवला जातो, आणि त्यातले काही नग 'युरोपातील जुन्या संग्रहातले' म्हणून परत येऊन आपल्याच संग्राहकांना विकले जातात. श्मिटच्या बाबतीत जे घडले तेच आपण औद्योगिक प्रमाणावर करत आहोत.

अमेरिकेने १९७३ साली केलेल्या एका कायद्यानुसार नाण्यांच्या प्रतिकृतींवर ती प्रतिकृती असल्याचा शब्द आणि निवडणूक प्रचाराच्या जुन्या वस्तूंच्या प्रतिकृतींवर निर्मितीचे वर्ष कायमचे उमटवणे बंधनकारक आहे. लष्करी वस्तू मात्र त्या कायद्यात नाहीत. आपल्याकडे १९७२ चा पुरातन वस्तू व कलासंपत्ती कायदा शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना संरक्षण देतो. १९१६ चा अस्सल पोलादी टोप आता त्या वयात बसतो, याची किती विक्रेत्यांना कल्पना असेल कोण जाणे. नकली टोपाला मात्र हा कायदा हात लावत नाही, कारण तो पुरातन नसतोच. तेथे ग्राहक संरक्षणाचा आणि फसवणुकीचा सर्वसाधारण कायदा उरतो, आणि त्यासाठी विक्रेत्याने काय सांगितले होते हे खरेदीदाराला सिद्ध करावे लागते. तेव्हा माझी सूचना साधी आहे: निर्यात होणाऱ्या प्रत्येक धातूच्या शिरस्त्राणाच्या आतल्या बाजूस, पत्रा दाबतानाच, 'प्रतिकृती' हा शब्द आणि निर्मितीचे वर्ष खोल ठोकले जावे. साच्यात एक अक्षरपट्टी वाढवण्याचा खर्च प्रत्येक नगामागे नगण्य आहे, हे मी पत्रा दाबण्याच्या यंत्रांसमोर उभा राहून केलेल्या कामाच्या आधारे सांगतो. घासून काढली तरी अशा खुणेखालचा दाबलेला धातू तपासणीत ओळखता येतो.

दुसरी सूचना संग्रहालयांना. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने, पूर्वी मिरवलेले एट्रुस्कन योद्ध्यांचे मातीचे भव्य पुतळे बनावट असल्याचे १९६१ साली जाहीर केले. त्यातल्या एका प्रचंड मस्तकावर शिरस्त्राणही होते. ब्रिटिश म्युझियमने १९९० मध्ये केवळ बनावट वस्तूंचे प्रदर्शन भरवले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांचे उत्तम विभाग आहेत. अशा ठिकाणी एका कपाटात अस्सल टोप आणि त्याची नक्कल शेजारीशेजारी, आतली बाजू प्रेक्षकाकडे करून मांडली, तर संग्राहकांना कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक शिकायला मिळेल.

आणि एक विनंती आपल्याला. लेखासोबत टोपाचे जे छायाचित्र छापले होते ते फक्त बाहेरून, समोरून घेतलेले होते. यापुढे अशा वस्तूंवर लेख छापताना आतल्या बाजूचे, म्हणजे कारखान्याची खूण, रिव्हेट आणि अस्तर स्पष्ट दिसेल असे, निदान एक छायाचित्र अवश्य छापावे.

आपला नम्र,
एक वाचक (निवृत्त धातुतंत्रज्ञ)
पुणे